जास्वंदीचा अर्क

आमच्या घरात औषधशास्त्र शिरलं ते वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतून. शब्दकोड्याच्या शेजारी, जुन्या चपला नव्यासारख्या कशा दिसतील हे सांगणाऱ्या लेखाच्या बरोबर खाली, एका चौकटीत छापलं होतं की काही फुलांच्या अर्कात रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि साखर कमी करण्याची क्षमता असल्याचं संशोधकांना आढळलं आहे. आढळलं होतं ते उंदरांमध्ये. पण ही माहिती शेवटच्या ओळीत होती, आणि आमच्या घरात शेवटच्या ओळीपर्यंत फक्त बाबा वाचत.

"उंदरांना कोलेस्टेरॉल होतं?" बाबांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"त्यांना मुद्दाम करतात, बाबा. प्रयोगासाठी."

"मग आधी ते करायचं थांबवा म्हणावं," असं म्हणून त्यांनी पुरवणी माझ्या अंगावर टाकली.

खरं तर त्या दिवसांत घरात थट्टेचं वातावरण नव्हतं. आदल्याच आठवड्यात बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि कोलेस्टेरॉल व साखर दोघंही हातात हात घालून वर चढले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गोळ्या चालू ठेवा, गोड बंद करा, रोज चाला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. साखर उतरली नाही तर इंजेक्शन. रोजचं. घरच्या घरी घ्यायला मी शिकवीन." हे शेवटचं वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं होतं. बाबांनी ते ऐकलं आणि बसल्या जागी टेबलाची कड धरली.

बाबांना सुईची भीती वाटते हे बाजारात सांगितलं असतं तर एकाही दुकानदाराने विश्वास ठेवला नसता. बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. बाजारात त्यांना तागडीसाहेब म्हणत. ते कोपऱ्यावरून वळताना दिसले की काही दुकानांत वजनं घाईघाईने पोत्यामागे जात आणि दुसरी वजनं बाहेर येत. गुंडांसारखे दिसणारे व्यापारी त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिलेले मी लहानपणी पाहिले आहेत. पण दवाखान्यात रक्त काढायला सुई बाहेर निघाली की तागडीसाहेब डोळे घट्ट मिटत आणि माझा हात धरत. मी तेव्हा चाळिशीला टेकलेला, एका मुलीचा बाप, विमा कंपनीत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर बसणारा माणूस. वडिलांनी आपला हात धरला तर काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसे.

तेव्हा इंजेक्शन टाळायचं, ही माझ्या दृष्टीने घराच्या इभ्रतीची बाब होती. मी ती चौकट कापून पाकिटात ठेवली आणि बायकोला जाहीर केलं की उद्यापासून आपण फुलांचा अर्क काढणार.

"आपण म्हणजे कोण?" तिने विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की असे प्रश्न नेमके विचारता येतात.

चौकटीत 'काही फुलं' एवढंच म्हटलं होतं. कुठली, ते उंदरांना ठाऊक. म्हणून मी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त विज्ञानशिक्षकांना विचारलं. यांना सगळी इमारत ज्ञानकोश म्हणे. ज्ञानकोशांचा एक गुण असा होता की त्यांना एखादी गोष्ट माहीत नसली तरी त्यामुळे त्यांचं अडत नसे.

"सदाफुली!" ते जिन्यातूनच म्हणाले. "सदाफुलीचा काढा द्या. साखर अशी खाली येईल की शोधावी लागेल."

सुदैवाने मी आधी डॉक्टरांना विचारायला गेलो. डॉक्टर स्वभावाने शांत होते, पण त्या दिवशी बाहेर बसलेले पेशंट आत डोकावून गेले. "विषारी असते ती! साखरेबरोबर माणूसही खाली येईल! कुणी सांगितलं हे?" मी शेजाऱ्याशी इमान राखून गप्प बसलो. मग हळूच विचारलं, "आणि जास्वंद?" डॉक्टरांनी मोठा श्वास घेतला. "लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून कपभर प्यायले तर बिघडणार काही नाही. सुधारेल असं मात्र मी म्हणत नाही. आणि गोळ्या सोडल्यात तर मला तोंड दाखवू नका." यातलं 'बिघडणार काही नाही' एवढं मी घरी नेलं.

आता जास्वंद. आमच्या गॅलरीत जास्वंदीची एक कुंडी होती, पण तिला वर्षभर एकच कळी होती आणि ती उमलण्याच्या बाबतीत आमच्या कचेरीइतकीच संथ होती. तिकडे पलीकडच्या वस्तीत नगरपालिकेची मोठी बाग होती आणि तिच्या कुंपणाला सबंध लांबीभर लाल जास्वंद. शेकडो फुलं. मी पिशवी घेऊन निघालो तर बाबा दारात आडवे.

"बागेत पाटी आहे. फुले तोडू नयेत."

"बाबा, चार फुलं तर घ्यायची."

"दुकानदारही मला हेच म्हणायचे. चार ग्रॅमच तर कमी आहे, साहेब."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. परवानगीशिवाय तोडलेल्या फुलाचा अर्क मी पिणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मी रजा काढून नगरपालिकेच्या उद्यान खात्यात गेलो. तिथल्या कारकुनाने माझं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेन खाली ठेवलं, दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा चष्मा काढला.

"फुलं तोडायची परवानगी देता येत नाही."

"बरं, खाली पडलेली घेतो."

"पडलेली आमच्याकडे येत नाहीत. झाडावर आहे तोवर आमचं. खाली पडलं की कचरा. कचरा सफाई खात्याकडे. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर सफाई खात्याचे गृहस्थ डबा उघडून बसले होते. त्यांनी घास संपवून शांतपणे सांगितलं, "पडलं म्हणून लगेच कचरा होत नाही हो. झाडूवाल्याने झाडून ढीग केला की कचरा. त्याआधी आमचा संबंध नाही. बागेतली वस्तू आहे, उद्यानला विचारा." मी खाली गेलो. कारकून म्हणाला वर जा. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्या जिन्यावर माझी बऱ्याच लोकांशी ओळख झाली. शेवटी मी उपाशीपोटी, अपमानित होऊन घरी आलो आणि सगळी हकिगत बाबांना सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते सरळ होऊन बसले. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांत ती चमक मी पहिल्यांदाच बघत होतो.

"म्हणजे पडल्यापासून झाडेपर्यंत ते फूल कुणाचंच नाही."

"असं दिसतंय."

"मग झाडूवाल्याच्या आधी पोचायचं. उद्या पहाटे मीही येतो. तुझ्यावर सोडलं तर तू झाडावरचं घेशील."

आणि अशा रीतीने, डॉक्टरांनी जिवाचा आटापिटा करून सांगितलेलं, आईने विनवण्या करून सांगितलेलं, बाबांनी आजवर कधी न ऐकलेलं चालणं सुरू झालं. बाग काही जवळ नव्हती. झुंजुमुंजू होताना आम्ही दोघं निघत असू. बाबा पुढे, हातात काठी, मी मागे, हातात पिशवी. बाजारातून जाताना ते प्रत्येक बंद दुकानापाशी काठी टेकून मला इतिहास सांगत. याच्या मापाला दुहेरी तळ होता. त्याच्या तागडीखाली चिंच चिकटवलेली असायची. हा एकच माणूस असा की मी कधीही आलो तरी म्हणायचा, बघा साहेब, वाटेल ते बघा. लहानपणी बाबा सदा बाजारात आणि मी शाळेत, पुढे मी कचेरीत आणि ते घरात. इतकं बोलणं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं. मला ते तेव्हा तितकंसं कळलं नाही, कारण माझं निम्मं लक्ष कुणी ओळखीचं बघतंय का याकडे असे.

बागेच्या पहारेकऱ्याने पहिल्याच दिवशी शिट्टी फुंकली. बाबांनी त्याला बाकावर बसवून फुलाची कायदेशीर स्थिती समजावून सांगितली. तो इतका प्रभावित झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही दिसताच त्याने आपणहून एक फांदी गदागदा हलवली.

"ती फुलं घेऊ नकोस," बाबा मला म्हणाले. "हलवून पाडलेलं म्हणजे तोडलेलंच."

आपोआप पडलेली आणि हलवून पाडलेली फुलं वेगळी करत मी कुंपणाखाली ओणवा होतो, डोकं झुडपात आणि उरलेला मी बाहेर, तेव्हा मागून आवाज आला. "काही हरवलंय का?" आवाज आमच्या साहेबांचा होता. ते कुत्र्याला फिरवायला आले होते. मी सरळ झालो. माझ्या केसांत पानं होती आणि दोन्ही हातांत कोमेजलेली फुलं. "वडिलांसाठी," मी म्हणालो. साहेबांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "छान, छान" म्हणत ते कुत्र्याला ओढत घेऊन गेले. दुपारपर्यंत कचेरीत माझं नाव माळीबुवा पडलं. ते मी निवृत्त होईपर्यंत टिकलं. निरोपसमारंभातल्या भाषणातही ते आलं.

फुलं गच्चीवर वाळत घातली तर वाऱ्याने उडून शेजारच्या मावशींच्या धुतलेल्या चादरींवर जाऊन बसली. ओल्या पांढऱ्या चादरींवर जांभळे ठसे उमटले. मावशी चादर हातात घेऊन आमच्या दारात आल्या आणि एक शब्दही न बोलता ती माझ्यासमोर उलगडून धरली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोने आमची नवीकोरी चादर त्यांना देऊन टाकली. ठसेवाली आमच्या पलंगावर आली, आणि मी पुढे कित्येक वर्षं माझ्या संशोधनावरच झोपलो.

एवढं करून निघालेला अर्क जांभळा, बुळबुळीत आणि दिसायला दौतीतल्या शाईसारखा होता. ज्ञानकोश म्हणाले, लिंबू पिळा. पिळलं तर तो डोळ्यांदेखत लालभडक झाला. माझी मुलगी, आम्ही तिला चिमणी म्हणत असू, टाळ्या वाजवायला लागली. बाबांनी पहिला घोट घेतला. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की आईने पदर तोंडाला लावला.

"फार आंबट," बाबा म्हणाले, आणि कप संपवला.

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. आई सकाळी अर्क करून ओट्यावर झाकून ठेवी, बायको तो कपात ओती, चिमणी कप बाहेर नेऊन देई आणि आजोबा काय म्हणतात ते ऐकायला तिथेच उभी राही. स्वयंपाकघराच्या दारात आई. आजोबा तोंड वाकडं करून म्हणत, "फार आंबट." मग सगळ्या आपापल्या कामाला लागत. मला त्यांचं फार कौतुक वाटे. चहा बिनसाखरेचा, बिस्किटं बंद, आणि वर हे. माणूस तक्रार म्हणून करत नव्हता.

तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन बाबा, आई आणि मी दवाखान्यात गेलो तेव्हा मी ती चौकट पाकिटातून काढून तयार ठेवली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "कोलेस्टेरॉल सुंदर उतरलंय! वजनही!" मी चौकट पुढे सरकवणार, तेवढ्यात भुवया खाली आल्या. "साखर मात्र वाढली आहे. हे कसं काय? गोळ्या घेताय, चालताय. काही गोड खाण्यात येतंय का?"

"छे," मी म्हणालो.

"बिस्किटं," बाबा म्हणाले. "मी चोरून बिस्किटं खातो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. या माणसाने चार ग्रॅमसाठी लोकांची दुकानं बंद केली होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि सोमवारी इंजेक्शन शिकायला बोलावलं. बाबांनी माझा हात धरला नाही. मांडीवर दोन्ही हात ठेवून ते नुसते "बरं" म्हणाले.

घरी आल्यावर आई तडक स्वयंपाकघरात शिरून भांडी आवरायला लागली. मी रागाने धुमसत बिस्किटांचा डबा काढला, कुलपात ठेवायला. हलका असेल असं वाटलं होतं, पण डबा जड लागला. उघडून बघितलं तर बिस्किटं वरपर्यंत भरलेली, मऊ पडलेली, तीन महिने हात न लागलेली. मी डबा घेऊन स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. ओट्यावर सकाळचा कप होता, तळाशी दोन घोट उरलेले. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी ते पिऊन टाकले.

सरबत होतं ते! नुसता पाक.

"आई," मी म्हणालो, "यात साखर कुणी घातली?"

आई भांडी आवरत होती, ती थांबली. "एकच चमचा घालते रे. त्यांचं ते तोंड बघवत नाही मला. एका चमच्याने काय होतंय?"

दारात उभी असलेली बायको एकदम म्हणाली, "अहो आई, तुम्ही घालता? मग मी कशाला घालत होते इतके दिवस?"

आणि तिच्या मागून चिमणी, अगदी बारीक आवाजात, "मी पण."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्राच्या मागून, बाबांचा आवाज आला.

"साडेतीन चमचे. पहिला शिगोशीग असायचा."

आईने डोळ्यांना पदर लावला, पण ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी बाहेर गेलो. "बाबा, तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत? सोमवारी सुई टोचून घेणार होतात!"

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. "तक्रार आल्याशिवाय घरगुती मापं तपासायची नाहीत, असा आमच्या खात्याचा नियम होता," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "ती रोज दारात उभी असायची रे. आपल्या हाताने साखर वाढली हे डॉक्टरांसमोर तिला ऐकायला लागलं असतं. त्यापेक्षा सुई बरी."

डॉक्टरांना मी खरं काय ते सांगितलं तेव्हा ते इतके हसले की पुन्हा एकदा पेशंट आत डोकावले. मग डोळे पुसून म्हणाले, "फुलं बंद, साखर बंद, चालणं चालू. इंजेक्शनचं आणखी तीन महिन्यांनी बघू." तीन महिन्यांनी साखर उतरली. बाबांना ते इंजेक्शन कधीच लागलं नाही. फुलांची गरज संपली, तरी आम्ही पहाटे बागेपर्यंत जातच राहिलो. बाबा न चुकता एक पडलेलं फूल उचलून खिशात टाकत, झाडूवाल्याच्या आधी. घरी आल्यावर ते आईच्या ओट्यावर ठेवत. असं पुष्कळ वर्षं चाललं.

बाबा गेले, पुढे आईही गेली. आता मी बागेत एकटाच जातो. वाटेतली बरीचशी दुकानं बदलली आहेत, सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आले आहेत, आणि कुणाच्या मापाला दुहेरी तळ होता हे सांगायला कुणी नाही. बंद दुकानांसमोर मी उगाच थांबतो. ते बोलत असताना मी इकडे तिकडे बघत होतो, याचं मला फार वाईट वाटतं. बाबांची आठवण मला दवाखान्यात किंवा फोटोसमोर येत नाही, ती इथे येते.

गेल्या महिन्यात माझा स्वतःचा रिपोर्ट आला, साखर वर चढलेली. जुन्या डॉक्टरांची मुलगी आता दवाखाना चालवते. तिने गोळी दिली आणि वडिलांसारखंच दटावलं. घरी येऊन बघतो तर बायकोने गॅलरीतल्या कुंडीतली जास्वंद उकळायला ठेवलेली. मी म्हटलं, "अगं, त्याने काही होत नाही, माहीत आहे ना?"

"बिघडत तर नाही ना? प्या."

गोळी मी नियमाने घेतो, चालतोही. आणि रोज सकाळी एक लालभडक कप माझ्यासमोर येतो. पहिल्या दिवशी घोट घेतला आणि जिभेला लगेच कळलं. अर्धा चमचा. फार तर पाऊण. डॉक्टरांच्या मुलीला हे मी सांगून टाकलं आहे, तिने तेवढी साखर माझ्या जेवणातून कापून घेतली आहे, आणि हे आमच्या दोघांतच राहायचं आहे. त्या पहिल्या दिवशी घोट घेऊन मी वर बघितलं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पदराला पुसत, माझ्या तोंडाकडे बघत.

मी तोंड जमेल तेवढं वाकडं केलं.

"फार आंबट," म्हणालो, आणि कप संपवला.